गुडघ्याचं माप

आत्याची बॅग जिन्याखाली आली होती, नणंदेची गाडी दारात लागली होती, आणि घरातलं कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. काढण्यासारखं उरलंही नव्हतं. आत्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि हे घर म्हणजे वर राहायच्या खोल्या अन् खाली सगळा वाद्यांचा कारखाना. नणंदेचं घर तळमजल्यावर, मागे बाग, दवाखाना हाकेच्या अंतरावर. बेत इतका बिनचूक होता की त्यात खोट काढायला जाणारा स्वतःच खोटा पडावा. सुनेने आठवडाभर प्रयत्न करून पाहिला होता आणि ती दरवेळी खोटी पडली होती.

तिला नवऱ्याची ही आत्या जायला नको होती, बस्स. लग्नाआधी ती पहिल्यांदा या कारखान्यात आली, तेव्हा मधोमध उभी असलेली पेडल स्टील गिटार पाहून तिने विचारलं होतं, "इस्त्रीच्या टेबलाला तारा कशाला लावल्यात?" होणाऱ्या नवऱ्याने ते वाक्य घरभर वाटलं, आणि आजतागायत पाहुण्यांपुढे ते निघाल्याशिवाय चहा संपत नाही. त्या दिवशी हसली नाही ती एकटी आत्या. तिने मुलीला शेजारी बसवलं, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर टेकवली, उजव्या हाताने तार छेडली आणि पायाने पेडल दाबलं. एकच सूर जागच्या जागी वाकत वाकत वर चढला, बोलता बोलता माणसाचा गळा भरून यावा तसा. 

"आता कर इस्त्री," आत्या म्हणाली.

लग्नानंतर तिला कामाला लावलं तेही आत्यानेच. तारांखाली बसून त्यांचा आवाज टिपणारा पिकअप कसा गुंडाळायचा हे आत्याने तिला हाताला धरून शिकवलं. केसाहून बारीक तांब्याची तार आणि तिचे हजारो वेढे. ताण जरा वाढला की तार तुटली, जरा सैल पडला की आवाज मेला. माहेरी जिच्याबद्दल 'हिच्या हातात काही टिकत नाही' असं म्हणत, तिच्या हातचे पिकअप आता कुठल्या कुठल्या वादकांच्या वाद्यांत बोलत होते. ज्या माणसामुळे हे झालं त्याला गाडीत बसवून हात हलवायचा कसा, हे तिला उमगत नव्हतं.

नणंदेचं दुःख वेगळंच होतं, आणि तेही खरं होतं. आई गेली तेव्हा नणंद एवढीशी होती. तिची वेणी, तिचा डबा, तिचे पाढे, तिचं पहिलं प्रेम आणि त्यावरचं रडणं, सगळं आत्याने निभावलं. आता आपली पाळी आली, असं ती म्हणत होती. उपकार फेडायला निघालेल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

आणि बाबा, म्हणजे सुनेचे सासरे, या वाद्यांचे कारागीर आणि आत्याचे थोरले भाऊ, ते मूग गिळून बसले होते. बहीण जाणार हे ठरल्यापासून त्यांनी तिला 'जा' म्हटलं नव्हतं की 'राहा' म्हटलं नव्हतं. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाली असत, एका वाद्यावर वाकलेले, आणि कोणी आलं की त्यावर चादर टाकत. सुनेच्या नवऱ्याला, ऑर्डरींचं सगळं तोच बघत असल्यामुळे, खात्री होती की ते वाद्य एका नावाजलेल्या वादकाचं आहे. तो वादक कधीपासून रांगेत होता आणि फोन करकरून त्याने याच्या नाकी नऊ आणले होते. सुनेला मात्र वेगळा वास आला होता. पिकअप सांगताना बाबा म्हणाले होते, "जरा मऊ आवाजाचा कर. तिला आवडतो तसा." ती कोण हे त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही, आणि नवऱ्यालाही तिने ताकास तूर लागू दिली नाही.

ऑपरेशननंतर आत्या वरच अडकली होती. खालून येणारा कानशीचा, लेथचा आवाज ऐकत ती पलंगावर बसून असायची. आज नणंदेच्या हाताला धरून एकेक पायरी उतरली, तेव्हा शेवटच्या पायरीवर थांबून तिने नाकाने मोठा श्वास घेतला. मॅपलचा भुसा, मशीनचं तेल, पॉलिश. सुनेने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"निघायच्या आधी जरा आत या," बाबा कारखान्याच्या दारातून म्हणाले. "सगळेच या."

सगळे आत गेल्यावर बाबांनी चादर ओढली आणि कोणी काही बोलायच्या आत वाद्य उलटं करून टेबलावर निजवलं. ही त्यांची जुनी खोड होती. गिऱ्हाईक आलं की आधी पोट दाखवायचं, तोंड नंतर. वरून काय, गुळगुळीत लाकूड आणि दहा तारा सगळ्यांच्याच असतात. खालच्या बाजूला मात्र दांड्याच दांड्या, पेडलपासून तारेपर्यंत ओढ पोचवणाऱ्या, एकीला एक न घासता शेजारून गेलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला हाताने कानस मारून बसवलेला पितळेचा तुकडा. वाजवणाऱ्याला हे कधी दिसत नाही, ऐकणाऱ्याच्या तर स्वप्नातही नसतं. पण पाय दाबल्यावर सूर नेमका तिथेच जाऊन थांबतो, केसभर अलीकडे नाही की पलीकडे नाही, तो या न दिसणाऱ्या कामामुळे. बाबांचे हात हल्ली चहाचा कप धरताना थरथरत. या दांड्यांत ती थरथर कुठेच नव्हती.

 या माणसाने सांगायचं ते सगळं सांगितलं होतं, फक्त तोंडाने नाही.

"हे तिचं आहे," बाबा आत्याकडे न बघता म्हणाले.

नवऱ्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. तो वाईट माणूस नव्हता, पण शब्द दिलेल्या माणसांना तोंड द्यायचं काम त्याच्या गळ्यात होतं. त्याने बाबांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात समजावलं की आत्या तर निघाली, तिचा पाय हा असा, आणि तिकडे तो वादक रोज विचारतोय. नणंदेने त्याचीच री ओढली. डॉक्टरांनी गुडघ्यावर ताण नको म्हटलंय, आपल्या घरी हे ठेवायचं कुठे, असं ती म्हणत होती. मग तिची नजर बाबांच्या चेहऱ्यावर गेली आणि तिने वाक्य अर्ध्यात सोडून दिलं. "गाडीत बसेल म्हणा," ती भावाला म्हणाली. "मागची सीट पाडली की बसेल." नवरा एकटा पडला. त्याने बायकोकडे पाहिलं, पण ती आधीच, सरळ उभं केलेल्या वाद्याचे चार पाय घट्ट करायला जमिनीवर बसली होती.

आत्याने वाद्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती लाकडाबद्दल विचारत राहिली, कधीचं आहे, कुठल्या फळीतलं आहे. मग स्टुलावर बसली, कांडी हातात घेतली. या घराचा रिवाजच होता की आत्याने वाजवून 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय इथलं वाद्य दाराबाहेर पडत नसे. ऑपरेशननंतर काही वाद्यं त्या शब्दावाचून गेली होती, आणि ती पाठवताना बाबांचं तोंड कडू झालं होतं.

पहिले सूर आले आणि सुनेला आपला पिकअप ओळखू आला. मऊ, गोल, कुठेही न टोचणारा. आत्याने पेडल दाबलं, सूर चढला. कांडी सरकली, दुसरा सूर पहिल्याला येऊन मिळाला. नणंदेने डोळे मिटले. आता तो वरचा सूर खाली उतरायचा, त्यासाठी गुडघा उचलून वर वाद्याखाली लोंबणाऱ्या लिव्हरला लावायचा, आणि सगळ्यांचे कान त्या उतरणीकडे लागलेले असताना सूर तिथेच लोंबकळत राहिला.

आत्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा तिने टाच उचलून चवड्यावर जोर दिला, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळ सरसरत गेली. तिने कांडी तारांवरून उचलली.

"म्हणूनच सांगत होते," नणंद हलकेच म्हणाली. "गुडघ्याला झेपणार नाही अजून."

"छान झालंय," आत्या म्हणाली. "जाऊ दे."

 आत्याने आजवर कधीही अर्धवट वाजवून 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं. ती एकेका वाद्यावर दुपार घालवायची, एका स्क्रूवरून भावाला घाम फोडायची. आज ती निरोप घेत होती, आणि तेही खोटं बोलून. बाबांना ते सुनेच्याही आधी कळलं असावं, कारण ते खाली वाकले आणि आत्याचा गुडघा आणि लिव्हर यांच्यामधल्या फटीकडे बघत राहिले. चांगली दोन बोटं फट होती.

"तुझ्या जुन्या वाद्याच्याच मापाचं आहे हे," ते म्हणाले. "सुतभर फरक नाही. पोचायला पाहिजे."

"म्हातारी झाले. आखडले असेन."

"हाडं आखडत नाहीत."

सून अजून जमिनीवरच होती, पेडलपाशी, आत्याच्या पायांजवळ. त्या पायांत नणंदेने आणलेल्या सपाट रबरी चपला होत्या. कित्येक वर्षांत तिने आत्याला या स्टुलावर सपाट चपलांत पाहिलं नव्हतं. काळे, टाचेचे बूट, तेच नेहमी. स्वयंपाकघरात अनवाणी, बाजारात साध्या चपला, पण वाजवायला बसायचं तर टाचांचे बूट. नवरा आणि नणंद लहानपणापासून त्यावरून आत्याला छळत आले होते. महाराणी, मिरवा आता, असं म्हणायचे. आणि आत्या टाच आपटून म्हणायची, मिरवणारच.

"आत्या," सून म्हणाली, "ते बूट तुम्ही ऐटीसाठी घालत नव्हता ना?"

 नणंद म्हणाली की डॉक्टरांनी टाचा बंद केल्या म्हणून तिनेच ते बूट देऊन टाकले. आणि बोलता बोलता तिच्याही डोक्यात प्रकाश पडला, कारण ती थबकली आणि भावाकडे बघायला लागली. स्टूल उंच करून चालत नाही, उशी घेऊन चालत नाही. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर वाढवायचं तर टाच उंच करायची, दुसरा इलाज नाही. हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक असायला हवं होतं. कारण या कारखान्याची सगळी अब्रू त्याच एका गोष्टीवर उभी होती. आधी गुडघा, मग लाकूड. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, बाबा त्याला स्टुलावर बसवत आणि गुडघ्याचं माप घेतल्याशिवाय फळीला हात लावत नसत. वाद्याचे पाय एकसंध नळीचे, त्या मापाला कापलेले. वरखाली करायच्या पेचांचा त्यांना तिटकारा होता, म्हणत की पेच आला की डुगडुग आली. कोण कुठली माणसं येऊन मापं देऊन गेली. जी बाई प्रत्येक वाद्य वाजवून पास करत होती, तिचं माप घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"जुनं कोणाच्या मापाचं आहे, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

 बाबांनी लिव्हरवरून अंगठा फिरवला. उत्तर आत्याने दिलं.

"त्याच्याच. त्याने स्वतःसाठी केलेलं होतं ते. पहिलंवहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?" बाबांचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं टाचांचे बूट घालून वाजवलंस. एक शब्द बोलली असतीस तर मी एका दुपारी पाय कापून दिले असते."

आत्याने कांडी मांडीवर ठेवली. सुनेने तिला या घरात पुष्कळ बोलताना ऐकलं होतं, पण हा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती.

"मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती, भाऊ. जो तो विचारत होता, का आलीस, परत कधी जाणार. तू काही विचारलं नाहीस. म्हणालास, हात मोकळे आहेत ना, मग हे टोक धर. आणि एक दिवस ते वाद्य माझ्यापुढे ठेवलंस. स्वतःचं. वाजवून वाजवून तुझी हौसही फिटली नव्हती अजून. म्हणालास, तुझा हात माझ्याहून बरा आहे. त्या माणसाला मी काय सांगणार होते? की लिव्हर दोन बोटं उंच आहे?"

तिने पाय जरा पुढे करून रबरी चपलांकडे पाहिलं.

"बूट घेतले," आत्या म्हणाली. "झालं काम. आणि खोटं कशाला बोलू, दिसायचेही झकास."

नणंद हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी हातातल्या फडक्याने डोळे पुसले, फडक्याला तेल होतं, आणि त्यामुळे डोळे आणखीच वाहायला लागले. त्यांना वाईट वाटत होतं, पण नुसतं वाईट वाटत नव्हतं. आपण जे दिलं ते या बाईने असं उराशी धरलं की त्यातला दोषसुद्धा आपल्यापासून जपून ठेवला, हे कळल्यावर माणसाने काय म्हणायचं असतं, ते त्यांना येत नव्हतं. त्यांना एकच भाषा येत होती.

"करवत दे," ते मुलाला म्हणाले.

नवरा घुटमळला. "बाबा, पाय कापले तर हे दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं राहणार नाही."

"नकोच राहायला."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोचं न बोललेलं वाचायला तो शिकला होता. त्याने आत्याच्या रबरी चपलांकडे पाहिलं, मग बाबांच्या थरथरत्या हाताकडे. "तुम्ही माप घ्या," तो म्हणाला. "कापतो मी." आणि त्याने स्वतःच्या हाताने ते चकचकीत पॉलिश केलेले पाय सोडवले आणि वादकाचा फोन वाजत असताना तो कट करून ते पकडीत घट्ट आवळले. सुनेला तो फार दिवसांनी इतका आवडला.

माप हातात येईपर्यंत नवरा कानशीने करवतीला धार लावत बसला. कापल्यावर टोकं गुंडाळायला फडकं आण म्हणून नणंदेला शेजारच्या लाकडाच्या खोलीत पाठवलं, तर ती तिकडेच राहिली. सुनेने डोकावून पाहिलं. नणंद दारात उभी राहून फळ्यांच्या थप्प्यांकडे, खिडकीकडे, मोरीच्या नळाकडे बघत होती. फडकं तिच्या हातात होतं. दोघींची नजरानजर झाली.

"इथे पलंग मावेल. लाकूड वर नेता येतं ना, वहिनी?" नणंदेने विचारलं.

"येतं," सून म्हणाली.

परत आल्या तेव्हा बाबा आत्यापुढे गुडघे टेकून बसले होते आणि पट्टी लावत होते, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. त्यांचे हात थरथरत होते म्हणून सुनेने पट्टीचं खालचं टोक धरलं. बाबांनी मान वर न करता विचारलं, "आणखी काय?"

"आणखी म्हणजे?"

"आणखी काय काय सांगितलं नाहीस?"

आत्याने आढेवेढे घेतले. म्हणाली, काही नाही, सगळं उत्तम होतं. बाबा गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं फार चिवट होतं.

"तिसरं पेडल जड आहे," आत्या शेवटी म्हणाली. "पहिल्यापासून."

"हलकं करतो."

"उजवीकडचा लिव्हर मांडीला घासतो. तिथे वळ आहे माझ्या."

"गोल करतो त्याची कड."

"स्टूल टणक आहे. आणि खिडकीतला दिवा डोळ्यांवर येतो. आणि तू काम करताना शीळ घालतोस ती बेसूर असते, सगळे ऐकून घेतात, कोणी बोलत नाही."

नवऱ्याची कानस थांबली. नणंदेने तोंडावर हात धरला. आत्याला आता थांबता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत न केलेल्या तक्रारी एकामागून एक बाहेर पडत होत्या आणि बाबा प्रत्येकीला मान डोलवत होते, जणू कोणी त्यांच्या ओंजळीत काही टाकत होतं. चहात साखर कमी, पॉलिशचा डबा उघडा, मागचं दार वाजतं. सून पट्टीचं टोक धरून बसली होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, बोला आत्या, सगळं बोला, काही ठेवू नका.

मग आत्या थांबली. तिने खाली भावाच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं.

"आणि मला जायचं नाहीये," ती म्हणाली.

बाबांनी पट्टी सरळ केली, डोळा बारीक करून आकडा वाचला.

"बरं," ते म्हणाले. "गुडघा हलवू नकोस."